सतरा रुपये सत्तर पैसे

आपल्या घरात पासबुकाइतके कमी वाचले जाणारे दुसरे पुस्तक नसेल. लग्नपत्रिका आपण दोनदा वाचतो. वाण्याची यादी तर एकेका ओळीवर बोट ठेवून वाचतो. पासबुक मात्र यंत्रातून छापून आणले की शेवटची ओळ पाहायची, शिल्लक किती ते मनात ठेवायचे आणि ते पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायचे. मधल्या ओळींकडे कुणी बघत नाही. खरी गोष्ट त्या मधल्या ओळींत असते.

त्या ओळींत अधूनमधून काही विचित्र आकडे भेटतात. १७.७०, २७.१४, २३६, २९५. एटीएममधून कुणी सत्तावीस रुपये चौदा पैसे काढत नाही. कुठला दुकानदारही सहसा एवढे बिल करत नाही. हे आकडे असे वेडेवाकडे का असतात, याचे उत्तर सोपे आहे. बँकेने घेतलेल्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी चढलेला असतो. १ जुलै २०१७ पासून हा कर लागू आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, आकड्यांशी माझे कधी फारसे जमले नाही. पण मोबाईलवर एक भागाकार करणे कुणालाही जमते. पासबुकातल्या विचित्र आकड्याला १.१८ ने भागा, मूळ शुल्क समोर येते. १७.७० म्हणजे पंधरा रुपये, २७.१४ म्हणजे तेवीस, २३६ म्हणजे दोनशे आणि २९५ म्हणजे अडीचशे. मूळ आकडा कळला की तो कशाचा, हे विचारता येते. नाहीतर काउंटरवर जाऊन आपण एवढेच म्हणतो, “साहेब, पैसे कमी झालेत.” पलीकडून उत्तर येते, “सिस्टीमने कापलेत.”

सिस्टीम काहीही आपल्या मनाने कापत नाही. प्रत्येक वजावटीमागे कुठला तरी नियम असतो. तो नियम कधी बरोबर लावलेला असतो, कधी चुकीचा. दोन्ही वेळा तो आपल्याला माहीत असलेला बरा.

सगळ्यात जास्त गैरसमज ‘किमान शिल्लक’ या शब्दाने केले आहेत. तीन हजारांची अट असेल, तर एखाद्या दिवशी शिल्लक तीन हजारांच्या खाली गेली की दंड लागतो, असे लोकांना वाटते. बहुतेक बँकांत तसे नसते. तिथे सरासरी पाहिली जाते. पेन हाताशी असेल तर हा हिशेब लिहून घ्या. रोज रात्री खात्यात जी शिल्लक उरते, ती महिनाभर मांडायची, तिची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचे. अट तीन हजारांची आणि महिना तीस दिवसांचा असेल, तर ही बेरीज नव्वद हजार भरली पाहिजे. एका माणसाच्या खात्यात पहिले वीस दिवस पाचशेच रुपये होते. ते झाले दहा हजार. एकविसाव्या दिवशी आठ हजार झाले आणि महिनाअखेरपर्यंत तसेच राहिले. ते झाले ऐंशी हजार. बेरीज बरोबर नव्वद हजार, दंड नाही. दुसऱ्याने महिनाभर नेमाने दोन हजार नऊशे ठेवले, एक दिवसही हात लावला नाही. त्याची बेरीज सत्त्याऐंशी हजार. त्याला दंड. नेमाने वागणारा पकडला जातो आणि वीस दिवस रिकामा असणारा सुटतो. हा न्याय विचित्र वाटेल, पण गणित तसेच आहे.

एकदा हे गणित कळले की ते आपल्या बाजूनेही वापरता येते. एक तारखेला भरलेले हजार रुपये तीस वेळा मोजले जातात, तीस तारखेला भरलेले हजार एकदाच. पंचवीस तारखेला हिशेब केला आणि बेरीज पंधरा हजारांनी कमी पडणार असे दिसले, तर घरातले तीन हजार पुढचे पाच दिवस खात्यात ठेवावेत आणि नंतर काढून घ्यावेत. काही बँका महिन्याऐवजी तिमाहीची सरासरी धरतात. आपली बँक कोणती धरते, हे खाते उघडतानाच विचारून पासबुकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावे.

दंड लावताना बँकेवरही बंधने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सूचना १ एप्रिल २०१५ पासून लागू आहेत. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी मोबाईलवर संदेश, ई-मेल किंवा पत्र पाठवून कळवायचे, शिल्लक पूर्ववत करायला किमान एक महिना द्यायचा आणि मगच दंड लावायचा. तोही सरसकट नाही, जेवढी तूट असेल तेवढ्याच प्रमाणात. सरासरी हजार रुपयांनी कमी पडली आणि बँकेचा दर सहा टक्के असला, तर दंड साठ रुपये आणि त्यावर कर दहा रुपये ऐंशी पैसे. शिवाय केवळ या दंडापायी खाते शून्याच्या खाली नेता येत नाही. म्हणजे ‘उणे चारशे’ अशी शिल्लक दाखवून कुणी “आधी चारशे भरा” म्हणत असेल आणि ते चारशे किमान शिलकीच्या दंडाचे असतील, तर ते नियमाला धरून नाही. मात्र आधी कळवायचे कलम आपल्या उपयोगी पडायचे, तर बँकेकडे आपला चालू मोबाईल नंबर हवा. बंद झालेल्या सिमकार्डावर संदेश गेला तरी बँकेच्या दृष्टीने तो गेलेलाच असतो.

हा दंड किती मोठा असतो? २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत एकट्या सरकारी बँकांनी किमान शिलकीच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले, असे सरकारने २०२४ मध्ये संसदेत सांगितले. हे पैसे कुणाच्या खात्यातून गेले असतील, ते सांगायला नको. ज्याच्या खात्यात दोन लाख पडून आहेत, त्याला हा दंड कधी लागतच नाही.

अलीकडे वारे थोडे बदलले आहे. स्टेट बँकेने २०१७ मध्ये पुन्हा सुरू केलेला हा दंड मार्च २०२० मध्ये बंद केला. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँकेने साध्या बचत खात्यांवरचा दंड काढून टाकला. खासगी बँकांची चाल वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरांतल्या नव्या खात्यांसाठी सरासरी शिलकीची अट पन्नास हजारांवर नेली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती पंधरा हजारांवर आणली. बँक मोठी, इमारत चकचकीत, वातानुकूलित यंत्राचा गारवा, हे सगळे ठीक. पण आत शिरण्याआधी त्या गारव्याची किंमत विचारावी.

ज्यांना ही अट झेपणारी नाही, त्यांच्यासाठी वेगळे खाते आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१२ मध्ये ते सर्व बँकांना सक्तीचे केले. त्याला मूलभूत बचत खाते म्हणतात, बँकेच्या भाषेत बीएसबीडी. जनधनची खाती याच प्रकारची. यात किमान शिलकीची अट नाही, एटीएम कार्ड विनाशुल्क आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे विनाशुल्क. हे खाते कुणालाही मागता येते, त्यासाठी दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही. आपले जुने साधे खातेही लेखी अर्ज देऊन यात बदलून घेता येते. मात्र त्याच बँकेत आपले दुसरे बचत खाते असता कामा नये.

पण इथे एक खाच आहे आणि मथळ्यातले सतरा रुपये सत्तर पैसे त्या खाचेतूनच आले आहेत. चार वेळा विनाशुल्क, मग पाचव्या वेळेचे काय? २०२१ मध्ये मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आशिष दास यांचा अभ्यास वर्तमानपत्रांत गाजला. स्टेट बँकेने मूलभूत खात्यांमधून चारच्या पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे कापले होते. नुसते रोख काढण्यालाच नाही, तर यूपीआयने किंवा कार्डाने दिलेल्या पैशांनाही. म्हणजे कुणी भाजीवालीला पन्नास रुपये मोबाईलवरून दिले आणि तो महिन्यातला पाचवा व्यवहार निघाला, तर भाजी पडली सदुसष्ट रुपये सत्तर पैशांना. २०१५ ते २०२० या काळात सुमारे बारा कोटी खात्यांतून तीनशे कोटींहून अधिक रुपये असे गोळा झाले, असे तो अहवाल सांगतो. दरम्यान प्राप्तिकर विभागाच्या मध्यवर्ती मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये बँकांना बजावले होते, की १ जानेवारी २०२० नंतर रुपे कार्ड, यूपीआय अशा व्यवहारांवर घेतलेले शुल्क परत करा. त्याप्रमाणे सुमारे नव्वद कोटी परत गेले. त्याआधीचे बरेचसे राहिले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने या खात्याचे नियम सुधारले. यूपीआय, नेफ्ट, दुकानातले कार्ड असे डिजिटल व्यवहार त्या चार वेळांत धरायचे नाहीत, असे त्यात स्पष्ट सांगितले आणि अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवली.

एवढ्या मोठ्या गोष्टीचा पत्ता एका प्राध्यापकाला लागला, बारा कोटी खातेदारांना लागला नाही. सतरा रुपयांसाठी कोण बँकेत जाईल? रिक्षालाच चाळीस लागतात. ही छोटी वजावट टिकते ती नेमकी याच हिशेबावर.

आता वेळापत्रकाकडे येऊ, कारण किमान शिलकीपेक्षा मोठा फटका तिथे बसतो. आमच्या सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे. आमच्या शेजारच्या एक बाई एका कारखान्यासाठी घरी शिवणकाम करतात. मशीन कर्जावर घेतलेले, हप्ता चौदाशे पन्नास रुपयांचा. मी पेपरात लिहितो म्हणून मला सगळे समजते, असा मोहल्ल्यात समज आहे. एका संध्याकाळी त्या पासबुक घेऊन आल्या. “भाईजान, या महिन्यात मी एक रुपया काढला नाही. मग हे कोण काढतंय?”

पासबुकात २९५ ची वजावट दोनदा होती. शेजारी रोमन अक्षरांत चार अक्षरी शब्द होता, जो आपल्याला ‘नाच’ असा वाचता येतो. बँकेची माणसे त्याला नॅच म्हणतात. हप्ते आपोआप वळते करण्याची ही देशभराची व्यवस्था आहे. कर्ज घेताना आपण ज्या ढीगभर कागदांवर सह्या करतो, त्यातला एक कागद तिचा असतो. बाईंचा हप्ता पाच तारखेला होता. मजुरी जमा व्हायची सात-आठ तारखेला. पाच तारखेला खात्यात नऊशे रुपये, मागणी चौदाशे पन्नासची. हप्ता परत गेला, बँकेने अडीचशे अधिक कर घेतला. कर्ज देणाऱ्या कंपनीने सहा तारखेला पुन्हा मागणी पाठवली, ती परत गेली, पुन्हा २९५. आठ तारखेला मजुरी आली तेव्हा त्यातले पाचशे नव्वद आधीच गेले होते. कंपनीने हप्ता चुकल्याचा आपला दंड लावला तो वेगळाच. म्हणजे पैसे होते, नियतही होती, फक्त तीन दिवसांचे अंतर होते.

यावर उपाय बँकेकडे नव्हता, कंपनीकडे होता. बाईंचा मुलगा आणि मी मिळून कंपनीला अर्ज लिहिला, की हप्त्याची तारीख दहा करून द्यावी. दोनदा खेटे घालावे लागले, मग नवा फॉर्म भरून घेऊन त्यांनी दहा तारीख केली. ज्यांचे हप्ते, विमा, मोबाईलचे बिल असे आपोआप वळते होते, त्यांनी कागदावर दोन रकाने करावेत. एकात पैसे येण्याच्या तारखा, दुसऱ्यात जाण्याच्या. जाणारी तारीख येणाऱ्या तारखेच्या आधी असेल, तर ती बदलून घ्यावी. पगार नेहमी वेळेवर होईलच, असेही धरून चालू नये. मध्ये चार-पाच दिवसांची सैल जागा ठेवलेली बरी.

याच रकान्यात मे महिनाही लिहून ठेवा. पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये दरवर्षी मेअखेरच्या सुमारास वळते होतात. हे शुल्क नव्हे, विम्याचा हप्ता आहे आणि प्रत्येकी दोन लाखांचा विमा त्या मानाने स्वस्तच आहे. पण आपल्या तीन खात्यांतून तीनदा ४३६ जात असतील, तर विमा मिळणार एकाचाच. बाकीच्या दोन शाखांना लिहून कळवावे, की आमच्या खात्यातून हा हप्ता वळता करू नये.

एटीएमचे नियम तसे सोपे आहेत. साध्या बचत खात्याला स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार विनाशुल्क. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन, इतरत्र पाच. पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून तेवीस रुपयांपर्यंत आकारता येतात, तेच आपले २७.१४. दुसऱ्याच्या यंत्रावर नुसती शिल्लक पाहिली तरी तो व्यवहार मोजला जातो. त्यामुळे आधी शिल्लक पाहून मग पैसे काढण्याची जी सवय अनेकांना आहे, ती तिथे दोन व्यवहारांना पडते. शिल्लक मोबाईलवर मिस्ड कॉल देऊनही कळते. खात्यात आठशे असताना हजार मागितले आणि यंत्राने नकार दिला, तर त्या नकाराचेही पैसे घेणाऱ्या बँका आहेत. यंत्र बिघडले किंवा त्यात नोटा नसल्या तर मात्र तो व्यवहार मोजायचा नाही. नोटा न येता खात्यातून रक्कम गेली, तर ती पाच दिवसांत परत यायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला बँकेने शंभर रुपये भरपाई द्यायची, असा २०१९ चा नियम आहे.

कार्डाच्या वार्षिक शुल्काबद्दल एवढेच सांगतो, की घरात चार कार्डे असतील आणि वापरात एकच असेल, तर तीन परत करा. ‘प्लॅटिनम’ वगैरे झळाळत्या नावाच्या कार्डाला शुल्कही तसेच असते. साधे कार्ड मागितले तर मिळते. ऑनलाइन नेफ्ट बचत खातेदारांसाठी १ जानेवारी २०२० पासून विनाशुल्क आहे, त्यामुळे घाई नसेल तर तोच मार्ग बरा.

एक मुद्दा आमच्या समाजातल्या काही मंडळींसाठी. व्याज नको म्हणून बचत खात्याऐवजी चालू खाते उघडणारे लोक मला भेटतात. भावना समजण्यासारखी आहे. पण चालू खाते व्यापाऱ्यांसाठी असते, त्याची शिलकीची अट पुष्कळ मोठी असते आणि दंडही. महिना दहा-बारा हजारांची उलाढाल असलेल्या शिंप्याने किंवा मौलवीसाहेबांनी ते उघडू नये. मूलभूत बचत खाते घेऊन, व्याज जमा होईल तेवढे वेगळे काढून गरजूंना देऊन टाकणारी अनेक घरे मला ठाऊक आहेत.

आता विसरलेली खाती. जुनी नोकरी सुटते आणि पगाराचे खाते तसेच राहते. काही महिने पगार जमा झाला नाही, की बँक ते साधे बचत खाते करते आणि शिलकीची अट लागू होते. आपल्याला वाटते ते शून्य शिलकीचे आहे. दोन वर्षे आपण स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होते. निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावायचा नाही, ते पुन्हा सुरू करायला शुल्क घ्यायचे नाही आणि बचत खात्याचे व्याज देत राहायचे, असा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. दहा वर्षे कुणी फिरकले नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तिथूनही ती खातेदाराला किंवा वारसांना परत मिळते. अशा ठेवी शोधायला ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ २०२३ पासून आहे. गेलेल्या माणसाचे जुने पासबुक सापडले, तर रद्दीत घालण्याआधी तिथे नाव घालून पाहावे.

नको असलेले खाते सोडून देण्यापेक्षा बंद करावे. आधी त्यावरचे हप्ते, गॅसचे अनुदान, पेन्शन दुसऱ्या खात्यावर वळवून घ्यावे. मग चेकबुक आणि कार्ड परत करून अर्ज द्यावा. खाते वर्षाच्या आत बंद केले, तर कित्येक बँका शुल्क घेतात. म्हणून उघडतानाच विचार करावा.

आणि चुकीची वजावट दिसली तर अर्ज लेखीच द्यावा. लांबलचक लिहू नये. माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांना मी चारच ओळी लिहून देतो. माझ्या अमुक क्रमांकाच्या खात्यातून अमुक तारखेला एवढी रक्कम कमी झाली आहे. ती कोणत्या शुल्काची, हे कळवावे. आधी सूचना दिली असल्यास तिची प्रत द्यावी. वजावट चुकीची असल्यास रक्कम परत जमा करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, पत्रानेही पाठवता येते आणि कशी करायची हे १४४४८ या क्रमांकावर फोन करून मराठीतही विचारता येते. मात्र लोकपाल पहिल्यांदा हेच विचारतात, की बँकेला कधी कळवले होते. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक काउंटरवर द्यावी आणि दुसरीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलू नये. शिक्का मारायला कुणी नसेल, तर तीच प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पावती पासबुकात टाचून ठेवावी.